पूल पाण्याखाली, टॉवर बंद: मग निरोप कसा पोचतो?

निरोप सहा शब्दांचा होता. ‘गरोदर बाईला आज हलवायची गरज नाही.’ आशाताईनं तो वहीच्या पानावर लिहून माझ्या हातात दिला. मी शाळेच्या ओट्यावरून वॉकी-टॉकीवर वाचला आणि शेवटचा शब्द तोंडात असतानाच बटणावरचा अंगठा उचलला. चिखलदऱ्याच्या माथ्यावर बसलेल्या आमच्या भाऊला पाचच शब्द ऐकू आले. शब्द सहा आहेत, हे मी आधी सांगितलं होतं. म्हणून सहावा त्यानं अंदाजानं भरला आणि परतवाड्याला पुढं पाठवला. तिथल्या कागदावर उतरलं, ‘गरोदर बाईला आज हलवायची गरज आहे.’

पावसाळ्याआधीचा सराव होता, म्हणून गाडी फक्त कागदावर निघाली. खरा पूर असता तर कुणीतरी ड्रायव्हर रात्रीच्या वेळी भरल्या नाल्याकडं निघाला असता, तेही माझ्या अंगठ्यापायी. त्या दिवसापासून मला कुणी विचारलं, ‘मॅडम, तुम्ही हॅमवाले नेमका सराव कशाचा करता?’ तर मी आधी ही गोष्ट सांगते आणि मग मशीन दाखवते.

हॅम रेडिओ म्हणजे हौशी माणसांचा परवानाधारक वायरलेस. सरकारनं काही फ्रिक्वेन्सी हौशी लोकांसाठी राखून ठेवल्या आहेत. परीक्षा देऊन परवाना काढला की त्यावर बोलता येतं, प्रयोग करता येतात, स्वतः अँटेना बांधून पाहता येते. पैसे कमावण्यासाठी किंवा धंद्याच्या कामासाठी तो वापरता येत नाही. एरवी हे लोक गप्पा मारतात, दूरदेशीचे हॅम शोधतात. पण हाच छंद आपत्तीत उपयोगी पडतो, कारण या यंत्रणेला मधे कुणी लागत नाही. दोन माणसं, दोन सेट, दोन बॅटऱ्या आणि दोन तारा एवढ्यावर काम चालतं.

मोबाइलचं तसं नसतं. आपला फोन फक्त जवळच्या टॉवरशी बोलतो. टॉवरला वीज लागते. लाइन गेली की बॅटरी काही तास ओढते, मग जनरेटर, आणि जनरेटरला डिझेल. डिझेलची गाडी त्याच रस्त्यानं येणार, जो पाण्याखाली आहे. शिवाय टॉवरपासून पुढं बोलणं वाहून नेणारी फायबरची केबल बहुतेक ठिकाणी रस्त्याच्या कडेनं आणि पुलाला लागूनच गेलेली असते. पूल खचला की केबल तुटते. एवढं होऊनही टॉवर जिवंत राहिला, तर सगळं गाव एकाच वेळी फोन लावतं आणि कुणाचाच लागत नाही.

विदर्भात हे कुणाला पटवून द्यावं लागत नाही. गडचिरोलीत पर्लकोटेच्या पुलावरून पाणी गेलं की भामरागड आणि पलीकडची कितीतरी गावं तुटतात, दर पावसाळ्यात. वैनगंगेनं ऑगस्ट 2020 मध्ये भंडाऱ्यात काय केलं ते आपण पाहिलं. आणि नरखेड तालुक्यातल्या मोवाडमधली जुनी माणसं 30 जुलै 1991 ही तारीख आजही घरातल्या मयताच्या तारखेसारखी सांगतात. वर्धा नदीच्या त्या पुरात दोनशेहून जास्त माणसं गेली. मेळघाटात तर कित्येक पाड्यांवर कोरड्या दिवशीही रेंजसाठी टेकाडावर चढावं लागतं.

आता यंत्राकडं येऊ. हातात धरायचा सेट, ज्याला आपण वॉकी-टॉकी म्हणतो, तो साधारण 5 वॅटचा असतो. घरातला एलईडी बल्ब याहून जास्त वीज खातो. हे सेट बहुतेक 144 ते 146 मेगाहर्ट्झवर चालतात. या लहरी बॅटरीच्या उजेडासारख्या सरळ जातात, डोंगर आडवा आला की संपल्या. सपाट शिवारात दोन माणसं समोरासमोर उभी राहिली तर पृथ्वीच्या गोलाईचा हिशेब धरून दहाएक किलोमीटर मिळायला हवेत. प्रत्यक्षात घरं, झाडं आणि डोक्याएवढी तूर मधे येते आणि तीन-चार किलोमीटरवर आवाज फाटायला लागतो.

पण तोच सेट घेऊन उंचावर गेलात की चित्र पालटतं. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे 1,100 मीटर उंच. खाली परतवाडा-अचलपूरचा पट्टा त्याहून सातशेएक मीटर खाली. माथ्याच्या कडेवर उभं राहिलं तर क्षितिज हिशेबानं शंभर किलोमीटरच्या आसपास जातं. म्हणून सरावात आमचा एक माणूस कायम माथ्यावर असतो. खालच्या गावाचा निरोप तो ऐकतो, लिहितो आणि पलीकडं सांगतो. त्याला आम्ही ‘टेकडी’ म्हणतो. हेच काम आपोआप करणाऱ्या यंत्राला रिपीटर म्हणतात, पण रिपीटरलाही वीज लागते. माणूस डबा घेऊन जातो.

टेकडीनं सगळं भागत नाही. परतवाड्याहून धारणी हवाई अंतरानं सत्तरएक किलोमीटर, आणि मधे गाविलगडचे डोंगर एकामागं एक उभे. सेमाडोहसारखी गावं तर दरीत. तिथं सरळ जाणारी लहर कामाची नाही, वरून पडणारी पाहिजे. हा भाग मला फार आवडतो, म्हणून जरा निवांत सांगते.

जमिनीपासून दोनशे ते चारशे किलोमीटर उंचीवर हवेचा एक विरळ थर सूर्यकिरणांमुळं विद्युतभारित झालेला असतो. त्याला आयनांबर म्हणतात. 3 ते 10 मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी नीट निवडल्या तर त्या थरावरून परत खाली येतात. आता बागेतल्या पाण्याचा पाइप आठवा. तिरपा धरला तर धार दूर जाते आणि जवळची झाडं कोरडी राहतात. सरळ आभाळाकडं धरला तर पाणी आपल्याच भोवती सगळीकडं पडतं. अँटेनाची तार जमिनीपासून कमी उंचीवर आडवी बांधली की लहर अशीच सरळ वर जाते आणि भोवतालच्या तीन-चारशे किलोमीटरच्या परिसरावर पसरून खाली पडते. डोंगर किती आहेत याला मग महत्त्व राहत नाही, कारण लहर त्यांच्या डोक्यावरून येते. परतवाडा, धारणी, नागपूर, बुलढाणा, सगळे एकाच छत्रीखाली.

अशी अँटेना बांधणं सोपं आहे, आणि मी ती आठवीच्या मुलींकडून बांधून घेतली आहे. 143 ला मेगाहर्ट्झमधल्या फ्रिक्वेन्सीनं भागलं की तारेची एकूण लांबी मीटरमध्ये मिळते. 7.1 मेगाहर्ट्झसाठी ती वीस मीटरच्या थोडी वर येते. म्हणजे तांब्याच्या तारेचे दहा-दहा मीटरचे दोन तुकडे. मधे पीव्हीसी पाइपचा वीतभर तुकडा, त्यावर दोन्ही तारांची टोकं वेगवेगळी बांधायची आणि तिथून केबल खाली सेटकडं आणायची. बाहेरच्या टोकांना नायलॉनची दोरी आणि दोरीला दोन कडुनिंबं. उंची तीन-चार मीटर. शिडी न लावता दोरीला दगड बांधून फांदीवरून टाकला तरी होतं. दोन गोष्टी मात्र मी मुलींना दर वेळी विचारते: जवळून विजेची लाइन गेली आहे का, आणि आभाळ गडगडतंय का. लाइनच्या आसपास तार कधीच फेकायची नाही. आणि विजा चमकायला लागल्या की केबल सेटपासून काढायची आणि अँटेनापासून दूर व्हायचं, निरोप कितीही तातडीचा असो.

दिवस मावळला की हा थरही बदलतो. सूर्य गेला की थराची ताकद कमी होते आणि 7 मेगाहर्ट्झची सरळ वर गेलेली लहर थर भेदून निघून जाते. मग धारणी ऐकू येईनाशी होते आणि हजार किलोमीटरवरचा कुणीतरी कानाशी बोलल्यासारखा येतो. नवा माणूस इथं घाबरतो, सेट बिघडला म्हणतो. सेट ठीक असतो. रात्री खाली 3.5 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात यायचं, म्हणजे तारही दुप्पट लांब लागणार. ती दिवसाउजेडी बांधून ठेवायची. अंधारात, पावसात, बॅटरी तोंडात धरून वीस मीटर तार मोजून पाहिली आहे मी. जमत नाही.

बॅटरीचं थोडक्यात सांगते: हातातला वॉकी-टॉकी नव्हे, तर या लांब तारेला जोडायचा मोठा सेट 12 व्होल्टवर चालतो, म्हणून गावात ट्रॅक्टर आहे तिथं वीज आहे. बोलताना सेट भरपूर करंट ओढतो, ऐकताना अगदी थोडा. म्हणून कमी बोलायचं. आणि कमी बोलणं हीच या कामातली सगळ्यात अवघड गोष्ट आहे.

आता परत त्या सहा शब्दांकडं. मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो. ‘पुलावर पाणी आलेलं नाही’, ‘औषध संपलेलं नाही’, ‘रस्ता बंद नाही’. आणि नवशिक्याचा अंगठा नेमका वाक्याच्या शेवटी सुटतो. बटण सोडलं की आवाज जाणं त्याच क्षणी थांबतं. म्हणजे आपल्या भाषेत ज्या जागी सगळा अर्थ उलटतो, तीच जागा वायरलेसवर सगळ्यात आधी तुटते. इंग्रजीतली पुस्तकं वाचून आम्ही शिकलो आणि त्यात हे कुठं लिहिलेलं नव्हतं, कारण त्यांचा नकार वाक्याच्या मधेच येऊन जातो.

त्या सरावानंतर आमच्या गटात ठरलं की नकाराचा निरोप ‘नकार’ या शब्दानं सुरू करायचा. ‘नकार. गरोदर बाईला आज हलवायची गरज नाही.’ पहिला शब्द किंवा शेवटचा, दोन्हीतला एक तुटला तरी दुसरा राहतो. सुरुवातीचा शब्दही तुटतो, कारण बटण दाबल्यावर सेटला क्षणभर लागतो आणि उतावळा माणूस दाबायच्या आधीच बोलायला लागतो. म्हणून दाबा, मनात ‘एक’ म्हणा, बोला, मनात ‘एक’ म्हणा, सोडा. मुलींना हे खेळासारखं शिकवलं तर पंधरा मिनिटांत येतं. मोठ्यांना आठवडा लागतो.

आकड्यांचंही तसंच. ‘पंचवीस’ आणि ‘पस्तीस’, ‘एकोणसाठ’ आणि ‘एकोणसत्तर’ खरखरीत एकसारखे ऐकू येतात. ‘सात’, ‘साठ’ आणि ‘आठ’ तर विचारूच नका. म्हणून आकडा सुटा सांगायचा: पस्तीस माणसं म्हणजे ‘तीन पाच, माणसं तीन पाच’. वेळ सांगताना ‘पावणेदोन’ म्हणायचं नाही. त्यातलं ‘पावणे’ गेलं की नुसते दोन उरतात आणि बचावाची होडी पाव तास उशिरा येते. ‘एक तीन, चार पाच’ म्हणायचं, म्हणजे 13:45.

गावांच्या नावात तर अमरावती जिल्हा आमची परीक्षाच घेतो. चांदूर बाजार आणि चांदूर रेल्वे हे दोन वेगळे तालुके. नांदगाव पेठ आणि नांदगाव खंडेश्वर वेगळे. अंजनगाव सुर्जी आणि अंजनगाव बारी वेगळे. घाईत माणूस नुसतं ‘चांदूर’ म्हणतो, कारण त्याच्या डोक्यात एकच चांदूर असतं. म्हणून पूर्ण नाव आणि तालुका, दर वेळी. वायरलेसवरचा आवाज साधारण 3,000 हर्ट्झच्या वर कापलेला असतो, त्यात ‘स’ आणि ‘श’ मधला फरक पुसला जातो. आमच्या अनुभवात ‘ब-भ’ आणि ‘द-ध’ यांचाही घोटाळा होतो. अडलं की फोड करायची: धारणीचा ध, दर्यापूरचा द, भंडाऱ्याचा भ. कॉल साइन, म्हणजे परवान्यासोबत मिळणारं आपलं हवेतलं ओळखनाव, सांगताना मात्र जगभर चालणारं अल्फा, ब्राव्हो, चार्लीच वापरायचं.

हॅम लोकांमध्ये छोट्या खुणा पुष्कळ आहेत. ‘क्यूटीएच’ म्हणजे ठिकाण, ‘क्यूएसएल’ म्हणजे निरोप मिळाला, ‘73’ म्हणजे शुभेच्छा. आपसात त्या गोड वाटतात. पण आपत्तीत त्या वापरू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. शेजारी पोलीस पाटील उभा असतो, तलाठी उभा असतो. त्याला ऐकता ऐकता सगळं समजलं पाहिजे.

सराव चालतो तो असा. सगळ्यांचे मोबाइल फ्लाइट मोडवर जाऊन पिशवीत. एक माणूस ‘कंट्रोल’. त्याच्या परवानगीशिवाय कुणी बोलत नाही, कारण एका फ्रिक्वेन्सीवर एका वेळी एकच जण बोलू शकतो. दोघं बोलले तर दोघंही वाया. आधी ज्याला हाक मारायची त्याचं नाव, मग आपलं: ‘कंट्रोल, इथं शाळा. निरोप एक, तातडीचा. ओव्हर.’ कंट्रोल म्हणतो, ‘शाळा, थांबा. टेकडी, तुमचा आधी.’ थांबायला सांगितलं की थांबायचं, हे शिकायलाही सराव लागतो. ठरावीक वेळानं आपली खरी कॉल साइन सांगायची, तो नियम आहे. निरोपांच्या चार पायऱ्या रूढ आहेत: जिवाशी संबंधित तातडीचा, त्याखालोखाल प्राधान्याचा, मग खुशालीचा, शेवटी साधा. निरोप तोंडी द्यायचा नसतो. आधी कागदावर नंबर, वेळ, कुणाकडून, कुणाला, शब्द किती, मग मजकूर. ऐकणाऱ्यानं लिहायचं आणि लिहिलेलं परत वाचून दाखवायचं. पाठवणाऱ्यानं ‘बरोबर’ म्हटल्याशिवाय निरोप पोचला असं धरत नाहीत. आमच्या भाऊनं त्या दिवशी परत वाचून दाखवलं असतं तर ‘आहे’ तिथंच पकडला गेला असता. आता आमचा दुसरा नियम आहे: शब्द कमी पडला तर आपल्या मनानं भरायचा नाही, ‘शेवटचा शब्द पुन्हा’ म्हणायचं.

आणखी एक गोष्ट हळूच पण नक्की सांगते. हॅमवर सांकेतिक, लपवून बोलायला परवानगी नाही. म्हणजे जे बोलाल ते कुणीही ऐकू शकतं. म्हणून मृताचं नाव, पेशंटचं नाव हवेत सांगायचं नाही. घरच्यांना ही बातमी खरखरत्या स्पीकरमधून कळू नये.

हे सगळं कुणी करू शकतं का? बोलायचं असेल तर परवाना लागतो. केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी शाखा तो देते. वय किमान 12 वर्षं, परीक्षेत रेडिओचं प्राथमिक शास्त्र आणि नियम. रिस्ट्रिक्टेड ग्रेडला मोर्स, म्हणजे टिंब-रेघांची भाषा, लागत नाही, कॉल साइन ‘व्हीयू 3’ नं सुरू होते. जनरल ग्रेडला मिनिटाला आठ शब्दांच्या वेगानं मोर्सही यावं लागतं, त्यांची ‘व्हीयू 2’. शाळेत दहावीपर्यंतचं विज्ञान नीट झालेल्या मुलाला हे झेपतं. ऑनलाइन स्वस्तात मिळणारा वॉकी-टॉकी मागवून थेट बोलायला लागणं मात्र बेकायदा आहे. 446 मेगाहर्ट्झच्या एका अरुंद पट्ट्यासारख्या ठरावीक पट्ट्यांतले कमी ताकदीचे सेटच तेवढे विनापरवाना चालतात. सरावाआधी आम्ही पोलीस ठाण्याला आणि तहसीलला लेखी कळवतो. जंगलाच्या मुलखात अनोळखी माणसं तारा बांधून आकडे बोलताना दिसली तर लोकांना शंका येणारच, आणि ती रास्त आहे. पोलिसांचा स्वतःचा वायरलेस असतोच. आपण त्यांच्या मदतीला आहोत, जागेवर नाही.

पण निरोप लिहिणं, शब्द मोजणं, चिठ्ठी घेऊन दवाखान्यापर्यंत धावणं, तार धरणं, बॅटरीवर नजर ठेवणं, याला कुठलाच परवाना लागत नाही. आमच्या सरावात बोलणारे चार आणि ही कामं करणारे वीस असतात. बचत गटातल्या एका काकूंचं अक्षर इतकं स्वच्छ आहे की कंट्रोलच्या टेबलावर आता त्याच बसतात.

डिसेंबर 2004 मध्ये त्सुनामी आली तेव्हा हॅम मोहिमेसाठी गेलेल्या भारती प्रसाद पोर्ट ब्लेअरमध्येच होत्या. फोन बंद पडले, आणि बाहेरच्या जगाशी बोलणं सुरू राहिलं ते त्यांच्या रेडिओवरून. मला त्यात एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते: त्या सकाळी त्यांची अँटेना आधीच उभी होती, सेट लावलेला होता आणि हात रोजच्या बोलण्यानं सरावलेला होता. आपत्ती आल्यावर त्यांना काही नव्यानं मांडावं लागलं नाही.

परवाच्या सरावात धारणीकडचा गट 7 मेगाहर्ट्झवर होता. ऊन कलायला लागलं होतं, दोन्हीकडं आभाळ मोकळं होतं, पण खूप दूर कुठंतरी वीज होत होती आणि दर दोन शब्दांमागं कडाड्कन आवाज यायचा. मी कंट्रोलवर होते, काकू लिहायला.

‘कंट्रोल, इथं धारणी. निरोप एक एक. शब्द सात.’

‘धारणी, इथं कंट्रोल. सांगा. ओव्हर.’

मग खरखर, एक तुटका शब्द, पुन्हा खरखर. काकूंनी सहा लिहिले आणि पेन वर धरून माझ्याकडं पाहिलं. ‘एक कमी हाये मॅडम. पयलाच गेला वाटते.’

‘धारणी, सहा मिळाले. पहिला शब्द पुन्हा. ओव्हर.’

पलीकडचा पोरगा नवा होता, जेमतेम सतरा वर्षांचा. त्यानं बटण दाबलं, एक क्षण थांबला, तो थांबलेला ऐकू आला. मग सावकाश म्हणाला, ‘नकार. नागपूरचा न, कारंजाचा का, रामटेकचा र. नकार. ओव्हर.’

काकूंनी तो शब्द डावीकडं समासात लिहिला, खाली दोन रेघा ओढल्या, आणि सगळा निरोप मोठ्यानं परत वाचून दाखवला. ‘बरोबर,’ धारणी म्हणाली. वहीत वेळ पडली 16:52.